भंगाराच्या काट्यावर अणुऊर्जेचा कायदा

अणुऊर्जेचा परवाना म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे तारापूर येते, फार तर जैतापूर. ते काम सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे. आपण कापड, लोखंड, लाकूड, चामडे विकणारे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून माणूस पान उलटतो. परंतु कुदळवाडी-चिखली, भोसरी, मोशी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात भंगार घेणारे, गॅस कटर चालवणारे आणि फाउंड्रीला माल पुरवणारे जे आपले भाऊ आहेत त्यांनी तरी हे पान उलटू नये. देशात किरणोत्सर्गाने आजवर झालेला सर्वांत गाजलेला मृत्यू अणुभट्टीत झालेला नाही. तो भंगार बाजारात झाला, आणि मरणारा भंगाराच्या दुकानात मजुरी करणारा होता.

मी स्वतः कापडाचा माणूस. या विषयात पडण्याचे कारण एवढेच की आमच्या नात्यातल्या एका भंगारवाल्याने बंद पडलेल्या एका कारखान्याचा माल लिलावात घेतला. त्यात हौदाला बोल्टने जोडलेला एक गोल, विलक्षण जड डबा निघाला. त्यावर पिवळ्या पट्टीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखे चिन्ह होते. कटरवाल्याने पेटवलेला गॅस एका जुन्या मिस्त्रीने बंद करायला लावला. डबा कोपऱ्यात ठेवला, दोरी बांधली, पोलिसांना कळवले. पुढे तज्ज्ञांनी येऊन मोजले तेव्हा डबा रिकामा निघाला, आतला माल पूर्वीच परत गेलेला होता. त्या काळात आवार बंद राहिले, हमालांची मजुरी बुडाली, आणि नातेवाईक मला म्हणाले, भाईजान, तुम्ही लिहिता-वाचता, हा कायदा आहे तरी काय ते एकदा नीट लिहा. म्हणून हा प्रपंच.

आपल्या पट्ट्यात हा माल येतो कुठून

पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकात वसली, चाकणचा पसारा त्याच्या बऱ्याच नंतरचा. गाड्या, सुटे भाग, पंप, व्हॉल्व्ह, बॉयलर, दाबाच्या टाक्या, कास्टिंग हा इथला मुख्य माल. आता वेल्डिंगच्या जोडात आत पोकळी राहिली की नाही हे बाहेरून डोळ्याला दिसत नाही. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तसा लोखंडाचा फोटो काढावा लागतो. याला रेडिओग्राफी म्हणतात. साध्या क्ष-किरण यंत्राने तो काढता येतो, ते यंत्र वीज बंद केली की थंड. पण जाड लोखंडाला आणि साइटवरच्या कामाला इरिडियम-१९२ नावाचा किरणोत्सारी धातू वापरतात. कामगार त्याला नुसते ‘सोर्स’ म्हणतात. तो दाण्याएवढा असतो आणि त्याला बंद करायचे बटण नसते. म्हणून त्याला एका जड पेटीत ठेवतात, तिला कॅमेरा असे नाव आहे. काम असेल तेव्हा लांब तारेने सोर्स पेटीबाहेर ढकलायचा, फोटो झाला की परत आत ओढायचा. अशी कामे बहुधा रात्री, दोरी बांधून, माणसे लांब हटवून करतात ती याचसाठी.

दुसरा प्रकार मापकांचा. हौदात माल किती भरला, पट्ट्यावरून जाणाऱ्या फिल्मची जाडी किती, हे हात न लावता मोजायला किरणोत्सारी मापके वापरतात. कागद, प्लॅस्टिक फिल्म, रबराचा पत्रा, रेक्झीन, लेप दिलेले कापड अशा मालाची जाडी मोजण्यासाठी ती सोयीची. मोठ्या हौदांवर सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० असतो. भंगारवाल्याला खरा धोका याच प्रकाराचा. कारण रेडिओग्राफीचा कॅमेरा सगळ्यांच्या लक्षात राहतो, रोज काढला जातो, ठेवला जातो, त्याचे रजिस्टर असते. मापक मात्र वीस वर्षे हौदाला चिकटून बसते, रंगावर रंग चढतो, चिन्ह पुसले जाते, ज्या इंजिनिअरने बसवले तो निवृत्त होतो. कारखाना बंद पडला की लिलावाच्या यादीत ‘हौद, एक नग’ एवढेच लिहिलेले असते.

जुन्या इमारती पाडताना छतावरचे काही जुने धूरसूचक निघतात, त्यांत अमेरिशियम नावाचा पदार्थ अतिशय थोडा असतो. एकटादुकटा असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण पोतेभर गोळा करून फोडण्याची ती वस्तू नव्हे.

आणि कापडवाल्यांनीही हसू नये. लग्नाच्या वरातीत, हातगाडीवर जी गॅसबत्ती लावत, तिची जाळी म्हणजे मेंटल. हा मेंटल रेयॉनच्या विणलेल्या नळीचा करतात आणि ती नळी थोरियम नायट्रेटच्या पाण्यात बुडवून काढतात. कापड जळून जाते, थोरियमची राख तेवढी जाळीच्या आकारात उरते आणि पांढरी लख्ख पेटते. थोरियम हा अणुऊर्जा कायद्याने ठरवून दिलेला पदार्थ. म्हणजे शिवणयंत्रावर बसलेल्या कारागिराच्या कारखान्यालाही हा कायदा लागू होता, आणि ज्यांनी तो धंदा केला त्यांनी परवानगी घेऊनच थोरियम उचलला.

परवाना कोण देतो, कशाचा देतो

मूळ कायदा १९६२ चा अणुऊर्जा कायदा. त्याच्या आधारे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला, नियामक भवनात आहे. तारापूरसारख्या केंद्राला जागा निवडण्यापासून बांधकाम, चाचणी आणि चालवण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर याच मंडळाची वेगवेगळी संमती लागते. एक पायरी ओलांडल्याशिवाय दुसरी नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातही इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला अणुभट्टीचे अवजड भाग बनले आहेत, तेव्हा हा उद्योग आपल्यापासून अगदीच दूर आहे असे नाही.

छोट्या वापरासाठी २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आले. त्यांत धोक्याच्या प्रमाणात पायऱ्या केल्या. औद्योगिक रेडिओग्राफीला लायसन्स, किरणोत्सारी मापकांना त्याखालची परवानगी, दवाखान्यातल्या साध्या क्ष-किरण यंत्राला नोंदणी. मुदत साधारणपणे पाच वर्षे, मग नूतनीकरण. अर्ज ई-लोरा नावाच्या मंडळाच्या संगणकीय व्यवस्थेतून होतात, मुंबईला फायली घेऊन खेटे घालण्याचे दिवस गेले. रेडिओग्राफी करणाऱ्या कंपनीला सोर्स ठेवण्याची जागा दाखवावी लागते, शिकलेला आणि परीक्षा पास झालेला माणूस दाखवावा लागतो, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमून त्याला मंडळाची मान्यता घ्यावी लागते, मोजण्याचे यंत्र विकत घ्यावे लागते, कामगाराच्या छातीवर टीएलडी नावाचा बिल्ला लावावा लागतो. हे झाले की मग सोर्स विकत घेण्याची परवानगी. नवी मुंबईत वाशीला सरकारी विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ आहे, ते सोर्स पुरवते, पण परवानगीचा कागद पाहिल्यावरच. आपल्याकडे दुकानाचे शटर आधी उघडते आणि शॉप अॅक्टचा कागद मागाहून येतो. इथे तसे चालत नाही.

त्या बिल्ल्याबद्दल दोन शब्द. कामगाराने किती किरणे खाल्ली हे त्याच्या अंगाला समजत नाही. वास नाही, चटका नाही, प्रकाश नाही. बिल्ला प्रयोगशाळेत पाठवला की आकडा निघतो. कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी ती वर्षाला १. आपल्या मुलांपैकी कुणी अशा कंपनीत हेल्पर म्हणून लागला असेल तर त्याला विचारा, बिल्ला तुझ्या नावाचा आहे का, आणि तुझा आकडा तुला कोणी सांगितला का. बिल्ला कपाटात आणि मुलगा सोर्सजवळ, असे होत असेल तर ती नोकरी बरी नव्हे.

आता या नियमांतली आपल्या कामाची गोष्ट. ज्याच्या नावावर परवानगी, त्याच्यावरच सोर्सची जबाबदारी, तो वापरात असो वा नसो. मंडळाच्या परवानगीशिवाय सोर्स दुसऱ्याला विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, फुकटही देता येत नाही. काम संपले की तो पुरवणाऱ्याकडे किंवा मान्य ठिकाणी परत गेलाच पाहिजे. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम तर १९८७ पासून आहेत. म्हणजे भंगाराच्या लॉटमध्ये सोर्स निघाला तर विकणाऱ्याने कायदा मोडलेला असतो, आणि घेणाऱ्याचा त्या वस्तूवर कसलाही हक्क निर्माण होत नाही. काट्यावर वजन झाले, पैसे दिले, पावती आहे, हे सगळे खरे असले तरी तो माल आपला होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा मंजूर केला. त्याने १९६२ चा कायदा आणि अणुअपघाताच्या भरपाईचा २०१० चा कायदा या दोन्हींची जागा घेण्याचे ठरवले, खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्रांसाठी परवान्याची वाट मोकळी केली आणि नियामक मंडळाला थेट कायद्याचा दर्जा दिला. यापूर्वी मंडळ सरकारी आदेशाने उभे होते आणि ज्या खात्यावर देखरेख करायची त्याच खात्याच्या छत्राखाली होते, ही टीका वर्षानुवर्षे होत आली. मोठ्या कंपन्यांसाठी बातमी परवान्याची आहे, आपल्यासाठी देखरेखीची. खासगी हातांत असे काम वाढले की त्याचे भंगारही खासगी हातांतून बाहेर येईल. जुन्या कायद्याखालचे अर्ज आणि नमुने बदलू शकतात, म्हणून अर्ज करणाऱ्याने त्या दिवशीचा नमुना मंडळाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, एजंटाकडची जुनी झेरॉक्स नव्हे.

मायापुरीत काय घडले

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराची हकीकत प्रत्येक काट्यावर सांगण्यासारखी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक विकिरण यंत्र होते. चार दशकांपूर्वी घेतलेले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापराविना पडलेले. २०१० च्या फेब्रुवारीत विद्यापीठाने ते इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात काढले. घेणाऱ्यांनी ते शिशाच्या भावाने पाहिले. कोबाल्टच्या सोर्सभोवती शिशाचे जाड कवच असते आणि शिशाला भाव चांगला. कवच काढले, आतल्या कांड्या निघाल्या, तुटल्या, तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले. एकाने चमकदार तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसे हॉस्पिटलात दाखल होऊ लागली. हात काळे पडलेले, केस गळालेले, रक्तातल्या पेशी उतरलेल्या. सात जणांना गंभीर इजा झाली, त्यातला एक मजूर महिनाअखेरीस वारला. शास्त्रज्ञांनी बाजारात फिरून एकेक तुकडा वेचला, जमीन खरवडली.

कोबाल्ट-६० ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चाळीस वर्षांत ती मूळच्या शंभराव्या हिश्श्याच्याही खाली आली होती. तरी एवढे झाले. म्हणून ‘जुने आहे, आता काय त्यात उरले असेल’ हा हिशेब या मालाला लावू नये. इरिडियम ७४ दिवसांत निम्मा होतो, वर्षभरात तो तिसाव्या हिश्श्यावर येतो. सीझियमला निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, अमेरिशियमला चारशेच्या वर. बाहेरून पाहून कोणता कोणता हे तुम्हाआम्हाला कळणार नाही.

मंडळाने विद्यापीठाला नोटीस काढली, तिथला किरणोत्सारी पदार्थांचा वापर थांबवला. चूक शिकल्यासवरलेल्यांची होती, यादीत काय विकतो आहोत हे त्यांनी पाहिले नाही. भोगले मात्र ज्यांना त्या चिन्हाचा अर्थ कुणी कधी सांगितला नव्हता त्यांनी.

ब्राझीलच्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये याहून भयंकर झाले. सोडून दिलेल्या दवाखान्यातले कॅन्सरचे यंत्र दोघांनी उचलून भंगारवाल्याला विकले. आत सीझियमची पूड होती, अंधारात निळसर चमकणारी. ती भंगारवाल्याने घरी नेली, नातेवाइकांना दाखवली, थोडी थोडी वाटली. चार माणसे गेली, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. लाखाच्या वर लोकांना मैदानात रांगेत उभे करून तपासावे लागले. घरे पाडावी लागली.

धंद्याचे नुकसान

समजा कुणी आजारी पडले नाही आणि सोर्स तसाच भट्टीत गेला. मग तो त्या भट्टीतल्या सगळ्या धातूत मिसळतो आणि मालाबरोबर जगभर जातो. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टची बटणे जोडणाऱ्या कारखान्यात सुमारे वीस कामगारांना नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त किरणे लागल्याचे उघड झाले. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० निघाला. माल भारतातला होता, आणि माग काढत तपास महाराष्ट्रातल्या ओतकामाच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. त्यानंतर भारतातून जाणाऱ्या पोलादाच्या मालाकडे युरोपातले लोक कितीतरी दिवस संशयाने पाहत होते. २०१३ साली एका ब्रिटिश कपडेविक्या कंपनीला धातूच्या टिकल्या लावलेले चामड्याचे पट्टे बाजारातून परत मागवावे लागले, कारण अमेरिकेच्या सीमेवर ते किरणोत्सारी निघाले. पट्टे भारतातून गेले होते. चामड्याचे काम करणारा कारागीर, टिकली ठोकणारा कारागीर, यांपैकी कुणालाही त्यातले काही माहीत असणे शक्य नव्हते. टिकलीचा धातू कुठल्या भंगारातून वितळला हे फक्त भट्टीला माहीत.

अगदी ताजी गोष्ट इंडोनेशियाची. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न खात्याने तिथून आलेल्या गोठवलेल्या कोळंबीत सीझियम-१३७ सापडल्याचे जाहीर केले. समुद्रात शोधूनही काही सापडेना. शेवटी जकार्तापासून जवळच्या चिकांदे औद्योगिक वसाहतीत, कोळंबीच्या कारखान्याशेजारी, भंगार वितळवणारा एक कारखाना निघाला. त्याच्या धुरातून सीझियम आसपासच्या कितीतरी कारखान्यांवर बसला होता. चिकांदे म्हणजे तिथले चाकणच समजा: एकाला लागून एक कारखाना, एकाची चिमणी आणि दुसऱ्याचा पॅकिंग विभाग.

स्पेनमध्ये १९९८ साली सीझियमचा सोर्स पोलादाच्या भट्टीत गेला होता. एकूण खर्च आणि नुकसान अडीच कोटी डॉलरच्या वर गेले. आपल्या व्यापाऱ्यांनी एक काम आजच करावे, गोदामाच्या आगीच्या आणि मालवाहतुकीच्या विम्याची पॉलिसी काढून अपवादांचे कलम वाचावे. किरणोत्सारी दूषितीकरणाने झालेले नुकसान या पॉलिसीत बहुधा सरळ वगळलेले असते. हप्ता वर्षानुवर्षे भरला तरी या एका कारणाने गोदाम बंद पडले तर कंपनी हात वर करते.

परदेशातून भंगार आणणाऱ्यांना हे ठाऊक आहे की माल चढवण्यापूर्वी तपासणीचा दाखला लागतो, त्यात स्फोटके नाहीत आणि किरणोत्सर्ग नाही असे लिहिलेले असते. देशातल्या देशात कारखान्यातून उचललेल्या मालाला असा दाखला कुणी मागत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. परदेशी कंटेनरवर दोन वेळा यंत्र फिरते आणि भोसरीच्या बंद कारखान्यातून निघालेला ट्रक थेट काट्यावर येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतली हजारो शेड आणि गोदामे महापालिकेने पाडली. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायाचा विषय वेगळा, पण त्याचा एक परिणाम असा की एका जागी असलेला बाजार पांगला. पूर्वी कुणाकडे काही विचित्र निघाले तर शेजारचा मिस्त्री धावून यायचा. आता एकट्या शेडमध्ये एकटा कटरवाला असतो.

मग करायचे काय

लिलावात बोली लावण्याआधी विचारायचे की या कारखान्यात रेडिओग्राफी होत होती का, किरणोत्सारी मापके होती का, आणि असतील तर ती परत केल्याचा कागद कुठे आहे. परत करणाऱ्याला पोच मिळतेच, तेव्हा कागद नाही असे उत्तर आले तर माल अजून आत आहे असेच धरावे. सौद्याच्या कागदावर एक ओळ घालून घ्यावी: लॉटमध्ये किरणोत्सारी पदार्थ नाही, निघाल्यास तो परत नेण्याची आणि सर्व खर्चाची जबाबदारी विकणाऱ्याची. बँक किंवा लिक्विडेटर विकत असेल तर ते ‘आहे तसे, आहे तिथे’ या शर्तीवर विकतात आणि ही ओळ घालायला नाक मुरडतील. तरी लेखी पत्र देऊन ठेवावे. पुढे प्रश्न आला तर आपण विचारले होते याचा पुरावा राहतो.

काट्यावरच्या हमालाला आणि कटरवाल्याला तीन पात्यांचे चिन्ह दाखवून ठेवावे. २००७ पासून जगभर आणखी एक चिन्ह आले आहे, लाल त्रिकोणात वरून येणारी किरणे, कवटी आणि पळणारा माणूस. ते धोकादायक सोर्सवर असते. पण चिन्ह पुसलेले असू शकते, म्हणून वजनावर लक्ष ठेवावे. आकाराच्या मानाने भलतीच जड वस्तू, पोलादी डब्यात ओतलेले शिसे, कुलूप लावता येईल असे झाकण किंवा खटका, ही लक्षणे. रेडिओग्राफीच्या कित्येक कॅमेऱ्यांत कवचासाठी शिशाऐवजी युरेनियम वापरलेले असते, ते शिशापेक्षाही जड. असे काही दिसले तर कापायचे नाही, ठोकायचे नाही, उघडायचे नाही, आणि ‘बघू तरी’ म्हणून उचलून घरी न्यायचे नाही.

मग लांब व्हायचे. कंदिलापासून दूर जाल तसा उजेड कमी होतो, त्याच हिशेबाने किरणेही कमी होतात: अंतर दुप्पट केले की मारा चौथा हिस्सा, तिप्पट केले की नववा. म्हणून दोरी जवळ नव्हे, लांब बांधायची. ११२ वर पोलिसांना कळवायचे आणि नियामक मंडळाला कळवायला सांगायचे. आपल्या पट्ट्याचे एक भाग्य म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगाव-चाकण रस्त्याजवळ सुदुंबऱ्यालाच आहे, आणि या दलाला किरणोत्सारी प्रसंगाचे शिक्षण असते. ज्याने वस्तू हाताळली त्याने हात साबणाने धुवावेत, कपडे बदलून पिशवीत बांधून ठेवावेत आणि डॉक्टरला हकीकत स्पष्ट सांगावी. मायापुरीत सुरुवातीला ते डाग साधे त्वचारोगाचे वाटले होते.

मोठ्या काट्यांनी किरण मोजण्याचे हातातले यंत्र घ्यावे. दहा-बारा दुकानदारांनी मिळून एक घेतले तरी चालेल. मिश्रधातू ओळखण्याची ‘गन’ बऱ्याच जणांनी घेतली आहे. ती वेगळी, तिने सोर्स सापडत नाही. उलट ती स्वतः क्ष-किरण सोडते आणि नियमांच्या कक्षेत येते. विकणाऱ्याकडून त्या मॉडेलच्या मंजुरीचे आणि नोंदणीचे कागद घ्यावेत, आणि ती गन माणसाकडे रोखून गंमत करणाऱ्या पोरांना आवरावे.

भीतीमुळे माल लपवणे हा सर्वांत वाईट मार्ग. पोलीस आले तर आवार सील होईल, आपल्यालाच आत टाकतील, त्यापेक्षा रात्री नाल्यात टाकून द्या, असा सल्ला देणारे भेटतात. मे २०२१ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने ७ किलो १०० ग्रॅम नैसर्गिक युरेनियम पकडले. भाभा केंद्राने तपासून खात्री दिली, दोघांना अणुऊर्जा कायद्याखाली अटक झाली आणि प्रकरण राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेले. युरेनियम कोणाच्या हाती कसे आले हा पुढचा प्रश्न, पण परवान्याशिवाय ते जवळ ठेवणे आणि त्याला गिऱ्हाईक शोधणे हाच गुन्हा. आपणहून कळवणारा आणि गिऱ्हाईक शोधणारा यांत कायदा फरक करतो. लपवून ठेवलेली वस्तू सापडली तर तो फरक सिद्ध करणे आपल्या हातात राहत नाही.

याच्याच शेजारी एक फसवणूक चालते, तिचे नाव राइस पुलर. तांब्या-इरिडियमचे जुने भांडे आहे, ते तांदळाचे दाणे ओढून घेते, त्यात अणुशक्ती आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार, फक्त तपासणीचा खर्च तुम्ही भरा. मग पांढरा पोशाख घातलेला ‘शास्त्रज्ञ’ येतो, खोटे ओळखपत्र दाखवतो, आणि पैसे घेऊन नाहीसा होतो. चांगले चांगले व्यापारी यात बुडाले आहेत. खरा शास्त्रज्ञ सोर्स तपासायला येतो तेव्हा तो पैसे मागत नाही. आणि खरे इरिडियम-१९२ कुणी भांड्यात घेऊन फिरू लागला तर सौदा पुरा होण्याआधी त्याचा हात गळून पडेल. असा माणूस दुकानात आला तर त्याला चहा न पाजता जवळच्या चौकीचा नंबर फिरवावा.